गुळाचा रंग आणि आपली पारख



संक्रांतीच्या तिळगुळासाठी गूळ आणायला मंडईत गेले होते. दुकानदाराने विचारले, "काकू, पिवळा देऊ की काळा?" काळ्याचा भाव जास्त होता. मला हसू आले. मी नवी नवरी होते तेव्हा काळपट गुळाला कोणी हात लावत नसे.

आमच्या कोल्हापूरच्या गुळाला मोठा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे भरभराटीला आला. अजूनही दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या गुळाचे सौदे निघतात. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पूर्वी गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना रानभेंडीचे पाणी घालून मळी काढत. ऊस कुठल्या जमिनीतला, गुळव्याचा हात कसा, यावर रंग ठरायचा. पण सौद्यात व्यापारी आधी रंग बघतो, कारण गिऱ्हाईक रंग बघते. मग पिवळेपणासाठी काही ठिकाणी हायड्रॉस पावडर आली, कुठे रसात साखर मिसळली जाऊ लागली. कॉमर्सला आम्ही शिकलो होतो, मागणी तसा पुरवठा. इथे ती मागणी आम्हा बायकांचीच होती.

मीही हौसेने पिवळाधमक गूळ आणायचे. सासूबाई काही बोलत नसत. त्या गूळ पाण्यात विरघळवून, फडक्याने गाळूनच वापरत. एका पावसाळ्यात डब्यातला माझा पिवळा गूळ काळपट पडला. त्या एवढेच म्हणाल्या, "रंग चार दिवसांचा गं, चव बघून घेत जा."

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात प्रतिरूपक व्यवहार म्हणजे भेसळ आहे, तसाच स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीला प्रवृत्त करणे, हाही आहे. भेसळ करणारा दोषी खराच. पण नुसत्या रंगाला जास्त पैसे मोजून मी वर्षानुवर्षे काय करत होते? स्वाध्यायात हा भाग आला की मला तो डबा आठवतो.

आता काळ्या गुळाची लाट आहे. तिथेही सावध राहायला हवे. जुना झालेला किंवा काहिलीत करपलेला गूळही काळाच दिसतो. म्हणजे पुन्हा आपण रंगालाच भुलणार!

त्या दिवशी मी दुकानदाराला विचारले, गूळ कुठल्या गावच्या गुऱ्हाळाचा? यंदाचा की गेल्या वर्षीचा? मग एक खडा जिभेवर ठेवून पाहिला. काळाही नाही, पिवळाही नाही, मधला तांबूस गूळ घेतला. घरी येऊन सासूबाईंसारखाच फडक्याने गाळला. तिळगूळ छान झाले.

तुम्हीही पुढच्या वेळी आधी विचारा, चव बघा आणि मगच पिशवी पुढे करा.