ब्लूटूथसीटीएल

ब्लूटूथसीटीएल ही लिनक्स संचालन प्रणालीवर ब्लूटूथ उपकरणांच्या जोडण्या कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून, नियंत्रित करणारी आज्ञावली आहे. ती ‘ब्लूझ’ या मुक्त स्रोत सॉफ्टवेअर संचाचा भाग आहे. नावातील ‘सीटीएल’ हे ‘कंट्रोल’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. पडदा न जोडलेल्या संगणकांवर, उदाहरणार्थ दूरस्थपणे हाताळल्या जाणाऱ्या रास्पबेरी पायवर, ती विशेष उपयोगी पडते.

इतिहास

ब्लूझचा आरंभ क्वालकॉम या कंपनीत झाला. २००१ साली लिनक्सच्या २.४.६ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. पूर्वी या कामासाठी ‘एचसीआयटूल’, ‘एचसीआयकॉन्फिग’ अशी स्वतंत्र साधने वापरली जात. २०१२ च्या अखेरीस आलेल्या ब्लूझच्या पाचव्या आवृत्तीपासून ब्लूटूथसीटीएल प्रचारात आली व जुनी साधने कालांतराने मागे पडली.

कार्यपद्धती

प्रत्यक्ष जोडणीचे काम ‘ब्लूटूथडी’ ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा करते. ब्लूटूथसीटीएल वापरकर्त्याच्या आज्ञा ‘डी-बस’ या संदेशवहन यंत्रणेमार्फत तिच्याकडे पोहोचवते. प्रत्येक उपकरण ४८ बिटांच्या पत्त्याने ओळखले जाते. हा पत्ता षोडशमान अंकांच्या सहा जोड्यांनी लिहितात.

प्रमुख आज्ञा

• पॉवर ऑन – संगणकातील ब्लूटूथ सुरू करणे.
• स्कॅन ऑन – जवळपासच्या उपकरणांचा शोध घेणे.
• पेअर – दोन्ही उपकरणांत सामाईक गुप्त किल्ली निर्माण करणे.
• ट्रस्ट – उपकरण विश्वासू असल्याची नोंद करणे.
• कनेक्ट व डिसकनेक्ट – जोडणी करणे व तोडणे.
• रिमूव्ह – उपकरणाची नोंद व किल्ली पुसून टाकणे.

पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट या तीन आज्ञांमध्ये नवख्या वापरकर्त्याची बहुधा गल्लत होते. पेअरमुळे दोन उपकरणांची कायमची ओळख होते, तर कनेक्टमुळे केवळ त्या वेळेपुरती जोडणी होते. ट्रस्ट ही फक्त संगणकाच्या बाजूची नोंद असते. ती केल्यावर ते उपकरण पुढील वेळी संगणकाची अनुमती न विचारता स्वतःहून जोडले जाऊ शकते. कळफलकासारख्या नित्य वापराच्या उपकरणासाठी ही सोय आवश्यक ठरते. अनोळखी उपकरणाच्या बाबतीत मात्र तीच धोक्याची ठरू शकते.

सुरक्षा

दोन्ही उपकरणांना पडदा असल्यास पेअर करताना त्यांवर सहा अंकी संख्या दिसते. दोन्हीकडील संख्या जुळल्याची खात्री करूनच होकार द्यावयाचा असतो. हेडफोनसारख्या पडदा नसलेल्या उपकरणांत ही पडताळणी शक्य नसल्याने मध्यस्थाच्या हल्ल्यापासून संरक्षण मिळत नाही. ‘डिस्कव्हरेबल ऑन’ या आज्ञेने संगणक इतरांना दिसू लागतो. मूळ मांडणीत ही मुदत १८० सेकंदांची असते.

सामान्य अडचणी

एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली असल्यास दोन्हींचा ब्लूटूथ पत्ता एकच असतो. त्यामुळे एकीतून उपकरण नव्याने पेअर केले की दुसरीकडील किल्ली निरुपयोगी होते आणि जोडणी अयशस्वी ठरते. अशा वेळी त्या प्रणालीतील जुनी नोंद रिमूव्ह आज्ञेने काढून पुन्हा पेअर करावे लागते. मात्र त्यानंतर पहिल्या प्रणालीतील किल्ली निकामी होते.