निर्मळ डोळा, हरवलेली दृष्टी

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बेशातल्या आमच्या घराच्या ओसरीत वर्तमानपत्र उघडले, तर मथळ्यांचा डावीकडचा भाग दिसेना. शब्द मधूनच सुरू होत होते. चष्मा पुसला, डोळ्यांवर पाणी मारले. वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, म्हणून मी ती गोष्ट सोडून दिली. पाचव्या दिवशी मुलीच्या कानावर गेले आणि तिने दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, दिसत नव्हतं ते एका डोळ्याला की दोन्ही?"

मला उत्तर देता आले नाही. त्या वीस मिनिटांत मी एकही डोळा झाकून पाहिला नव्हता.

मोडी कागद वाचण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. वैद्यकाचे शिक्षण नाही. पण हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे शोधू लागलो आणि एका जुन्या कोड्यापाशी पोचलो. डोळा बाहेरून स्वच्छ आहे आणि माणसाला दिसत नाही, अशा वेळी वैद्याने काय करायचे?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग सांगितले आहेत. दृष्टी नष्ट होणे म्हणजे लिंगनाश. त्याचा एक प्रकार 'अनिमित्त', म्हणजे कारण न सापडणारा. देव, ऋषी, गंधर्व किंवा अतितेजस्वी वस्तू पाहिल्याने तो होतो, असे संहिताकार म्हणतात. कारणमीमांसा बाजूला ठेवू. निरीक्षण मात्र नेमके आहे. या प्रकारात डोळा अगदी स्पष्ट आणि वैडूर्य रत्नासारखा निर्मळ दिसतो, असे तिथे नोंदवले आहे. त्याच्या जोडीचा 'सनिमित्त' प्रकार मस्तकाच्या संतापाने होतो. दृष्टी जाण्याचे मूळ कधी डोक्यात असू शकते, ही शंका त्या काळीही होती म्हणायची.

या कोड्याच्या काठावर एक मराठी राजाही उभा होता. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि नेत्ररुग्णांची टिपणे ठेवविली. रुग्णाची हकीकत, केलेले उपचार आणि सोबत डोळ्याची रंगीत चित्रे, असा हा ऐवज सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला आहे. मोतीबिंदूवरच्या शस्त्रक्रियांना त्यात मोठे स्थान आहे. मोतीबिंदू बाहेरून दिसतो, म्हणून त्याचे चित्र काढता येते. पण ज्या डोळ्यात काहीच दिसत नाही, त्याचे चित्र चित्रकार काय काढणार? बाहुलीच्या काळ्या वर्तुळापलीकडे पाहण्याचे साधन तेव्हा जगात कुणापाशीच नव्हते. युरोपातले वैद्यही अशा अंधत्वाला निराळे नाव देऊन थांबत.

पहिली वाट सापडली ती यंत्राशिवाय. सरफोजीराजे हयात असतानाच, 1824 साली, लंडनच्या विल्यम हाइड वोलस्टन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पॅलेडियम आणि ऱ्होडियम ही मूलद्रव्ये शोधणारा हा रसायनज्ञ. वीसेक वर्षांपूर्वी एकदा त्यांना समोरच्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसू लागला होता. दारावरचे 'जॉन्सन' हे नाव वाचू गेले, तर फक्त 'सन' दिसले. पाव तासात दृष्टी परत आली. मी चष्मा पुसत बसलो. वोलस्टननी एकेका डोळ्याने पाहून घेतले. डाव्या डोळ्याने पाहा की उजव्या, डावीकडचाच भाग नाहीसा होता. पुढे पुन्हा झटका आला, तेव्हा उजवी बाजू गेली. दोन्ही डोळे एकाच वेळी, एकाच बाजूला बिघडणे अवघड. तेव्हा दोघांच्या वाटा मागे कुठेतरी एकत्र येत असल्या पाहिजेत. प्रत्येक डोळ्याच्या मज्जातंतूंपैकी अर्धे पलीकडे जातात आणि अर्धे आपल्याच बाजूला राहतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो खरा ठरला. 1828 मध्ये ते वारले, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूत गाठ आढळली.

डॉक्टरांच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. एकाच डोळ्याचे दिसणे गेले, तर दोष त्या डोळ्यात किंवा त्याच्या नेत्रमज्जेत. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचे दिसेनासे झाले, तर दोष मागे, मेंदूच्या वाटेवर. दोन्हींच्या बाहेरच्या बाजू गेल्या, तर संशय मधल्या तिठ्यावर, जिथे पीयूष ग्रंथी चिकटून असते.

दुसरी वाट 1851 साली हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रदर्शकाने उघडली. पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि नेत्रमज्जेचे टोक दिसले. बर्लिनच्या ग्रेफे यांनी 1859 मध्ये गुठळीने तुंबलेली पडद्याची धमनी दाखवली आणि 1860 मध्ये मेंदूतल्या गाठीमुळे सुजलेले नेत्रमज्जेचे टोक. 1862 मध्ये उत्रेख्तच्या स्नेलन यांनी अक्षरांचा तक्ता केला. त्याची देवनागरी भावंडे आज दवाखान्यांच्या भिंतींवर आहेत. रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना दृष्टिहानीची भरपाई ठरवायची होती. त्यासाठी तपासण्या करताना तात्सुजी इनोउये यांनी मेंदूमागच्या भागात दृष्टीचा नकाशा कसा मांडलेला असतो ते शोधले आणि 1909 मध्ये प्रसिद्ध केले.

त्या दिवशी दवाखान्यात हा सारा इतिहास माझ्यावरून तासाभरात गेला. आधी हकीकत: कधी, किती वेळ, एकदम की हळूहळू, डोके दुखले का, बोलणे अडखळले का, हातपाय जड झाले का. मग एकेक डोळा झाकून तक्ता. नंतर डॉक्टर समोर बसल्या, "माझ्या नाकाकडे बघा" म्हणाल्या आणि कडेला बोटे हलवून किती दिसतात ते विचारले. विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवली. उजेड आल्यावर बाहुली लहान होण्याऐवजी मोठी होऊ लागली, तर त्या बाजूची नेत्रमज्जा दुबळी. ही परीक्षा बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधीच करायची असते, नाहीतर खूण पुसली जाते. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, म्हणून स्वतः गाडी चालवत येऊ नये. पुढे बोटामागे नजर फिरवणे, हातापायांची ताकद, सरळ रेषेत चालणे, रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी आणि एमआरआय. पन्नाशीपुढच्या माणसाला "कानशील दुखते का, चावताना जबडा दुखतो का" असेही विचारतात. धमन्यांच्या एका दाहात दुसरा डोळाही लवकर जाऊ शकतो, आणि रक्ताच्या साध्या तपासणीने त्याचा माग लागतो. यातले फारसे काही दुखत नाही.

माझा रक्तदाब फार वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. त्या वीस मिनिटांचा उलगडा मात्र झाला नाही. अर्धशिशीची छटा असेल, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर तुटला असेल; साक्षीदार एकटा मीच होतो आणि माझी साक्ष अपुरी होती. नजर परत आली म्हणून मी निर्धास्त झालो, ही चूक मोठी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मी पाच दिवस घालवले.

कागदपत्रांच्या अभ्यासात नोंद नसेल, तर घटना घडूनही हाती लागत नाही. सरफोजीराजांनी दिसेल ते चितारून ठेवले, वोलस्टननी न दिसणाऱ्याचीही नोंद केली. कधी तुमच्यासमोरचा मथळा असा अर्धा झाला, तर एक डोळा झाका, मग दुसरा झाका, घड्याळ पाहा. आणि दृष्टी परतली तरी थांबू नका. घरच्यांना हाक मारा किंवा 108 क्रमांक फिरवा, आणि लगेच दवाखाना गाठा.