हबशी हा शब्द

घरांत एखादें मूल काळेंसांवळें निपजलें, कीं कोणी तरी थट्टेनें त्याला ‘हबशी’ म्हणून मोकळें होतें. म्हणणाराच्या मनांत इतिहास नसतो, हें खरें. पण हाच शब्द एके काळीं दक्षिणेंतील वजीर, सरदार व किल्लेदार यांना लागत असे, ही गोष्ट आमच्या घरांतून अगदींच विसरली गेली आहे.

हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. तेथील मुलें तांबड्या समुद्राकांठच्या बाजारांत विकलीं जात आणि पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दक्षिणेंत येत. सुमारें १५४८ सालीं जन्मलेला चापू नांवाचा असाच एक मुलगा हातोहात विकला जाऊन शेवटीं निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं पडला. नवल हें, कीं हा धनीहि जन्मानें हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुलगा स्वतंत्र झाला; तोच मलिक अंबर. १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर बुडती निजामशाही त्यानें पाव शतक तरती ठेवली. त्यानें वसविलेली खडकी म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. त्याची नहर तेथें अजून दाखवितात.

त्याच्या फौजेचें बळ मराठी घोडेस्वारांत होतें. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूस होते व त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. समोर मोगलांच्या छावणींत कोण? तर वऱ्हाडांतील सिंदखेडचे लखुजी जाधव, शहाजींचे प्रत्यक्ष सासरे. ज्या रणांगणावर जांवई हबशाकडून आणि सासरा मोगलाकडून उभा राहतो, तेथें वर्णानें किंवा धर्मानें माणसें वेगळीं काढूं जाणें व्यर्थ होय.

म्हणून वर्णाचा विसर पडला होता, असें मात्र कोणी समजूं नये. अंबरानें आपली मुलगी सुलतानास दिली होती. सुलतानाच्या गोऱ्या इराणी बेगमेनें तिला गुलामाची पोर म्हणून हिणविलें व त्यांतून सुलतानावर विषप्रयोग होण्यापर्यंत मजल गेली, अशी हकीकत डच व्यापारी व्हान डेन ब्रुक यानें नमूद केली आहे. जहांगीर बादशहा तर आपल्या आठवणींत या शत्रूच्या काळेपणावर तोंडसुख घेतल्यावांचून राहत नाहीं. त्याचा चितारी अबुल हसन यानें काढलेल्या चित्रांत बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबराच्या तोडलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हा विजय केवळ कागदावरचा! अंबर १६२६ सालीं वार्धक्यानें मेला, आणि मोगल दरबारच्याच मुतमदखान या बखरकारानें त्याच्या कर्तृत्वाची मोकळ्या मनानें स्तुति केली.

जंजिऱ्याच्या सिद्दींचें राज्य १९४८ पर्यंत टिकलें. त्यांची कथा शिवचरित्राच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्यांची कथा कोणास ठाऊक नाहीं, ते सिद्दी उत्तर कानड्यांतील हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहतात. पोर्तुगीज गोव्यांतील गुलामगिरींतून निसटलेल्यांचे वंशज त्यांत पुष्कळ आहेत. सरकारनें २००३ सालीं त्यांना अनुसूचित जमातींत घेतलें. बाजाराच्या गांवीं आलेला परका माणूस त्यांना अजूनहि विचारतो, “तुम्ही कोणत्या देशाचे?” आणि उत्तर मिळतें तें कोंकणींत.