दोन पथ्यांचा कोको

अमेरिकेत ‘फ्रोझन कस्टर्ड’ या नावाने काही विकायचं असेल, तर त्यात अंड्याच्या बलकाचा घनांश किमान १.४ टक्के असावा लागतो. तसा तिथला नियमच आहे. १९१९ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर कोहर बंधूंनी आइस्क्रीममध्ये बलक घालून पाहिला. माल गुळगुळीत झाला आणि उन्हात जास्त वेळ तग धरू लागला. पुढे तिकडच्या लहान गावांत हमरस्त्याच्या कडेला कस्टर्डच्या टपऱ्या उभ्या राहिल्या, त्या या बलकाच्या जोरावर.

सुरतेहून इच्छापोर, कवास, मोरा करत हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर असला बलकवाला माल कुणी विकायला काढला, तर त्याची लारी दुसऱ्या दिवशी दिसायची नाही. तिथे विकला जातो कोल्ड कोको. दूध, साखर, कोको पावडर आणि कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लोअर. एकत्र उकळून, आटवून, रात्रभर गार करून ठेवलेलं. पेय म्हणावं तर ते ओठांवर रेंगाळतं, आणि खाद्य म्हणावं तर ग्लासातून येतं. संध्याकाळी पोलादाच्या, खताच्या, यंत्रांच्या कारखान्यांतली पाळी सुटली की लारीभोवती दुचाक्या लागतात. दारूबंदीच्या राज्यात श्रमपरिहाराला उघडपणे काय प्यावं, या प्रश्नाचं सुरतेने काढलेलं उत्तर म्हणजे हा कोको, असं मला वाटतं.

या गर्दीत मराठी कानाला अहिराणी ऐकू येते, यात नवल नाही. मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळवरून, खानदेशातून वाहत येऊन हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून रेल्वेही साधारण तीच वाट धरते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं त्या वाटेने येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत वसली. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ ची लूट आठवते. या मंडळींना पगाराची तारीख आठवते.

कोकोचा माग काढायचा तर आधी गारव्याचा काढावा लागतो, आणि त्यासाठी हजीऱ्याला लागून असलेल्या सुवाळीइतकी चांगली जागा नाही. तापीच्या मुखाशी गाळ फार, म्हणून मोठी गलबतं सुवाळीच्या खाडीत नांगर टाकत. १६१२ च्या नोव्हेंबरात इथेच थॉमस बेस्टने पोर्तुगीज आरमाराला तोंड दिलं आणि इंग्रजांना सुरतेत वखार मिळवायची वाट मोकळी झाली. त्या जहाजांतून कापड आणि नीळ जायची, तसा सोराही जायचा. युरोपला तो बंदुकीच्या दारूसाठी हवा होता. इथे मात्र त्याचा आणखी एक उपयोग माहीत होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याचं वर्णन केलं आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवली की आतलं पाणी गार होतं. तोफेची दारू आणि बादशहाचं थंड पाणी, दोन्ही एकाच पोत्यातून. सुवाळीवरून युरोपला गेलं ते या पोत्यातलं तापट अंग.

(सुवाळीच्या परिसरात टॉम कोरियाटची कबर म्हणून एक वास्तू दाखवतात. हा इंग्रज गृहस्थ आशिया पायी तुडवत अजमेरपर्यंत आला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. पोट बिघडलेलं असताना मायदेशाहून आलेल्या मद्याचा मोह त्याला आवरला नाही, असं त्याच्या सोबत्याने लिहून ठेवलं आहे. त्याला कोको मिळायला हवा होता.)

सोऱ्याने पाणी गार होतं, त्याचा बर्फ होत नाही. बर्फ आला तोही जहाजातून, पण मुंबईला आणि थेट अमेरिकेहून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांतले बर्फाचे ठोकळे भुश्शात गुंडाळून कलकत्त्याला धाडले. चार महिन्यांच्या प्रवासात बराच बर्फ वितळला, तरी उरलेल्यावर धंदा झाला. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत उतरला. नवसारीत बालपण गेलेले जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने बरी अद्दल घडली असा शेरा मारला, अशी हकीकत मुंबईच्या इतिहासाची पुस्तकं सांगतात. नवसारी सुरतेच्या शेजारची. म्हणजे आइस्क्रीमने पहिली शिंक काढली तीही याच मुलखाच्या माणसाच्या पंगतीत.

यानंतरचा प्रवास ओळखीचा आहे. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सनने १८४३ मध्ये हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लाकडी बादली, मधे धातूचा डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ. गुजरातेत तो संचा झाला, आपल्याकडे पॉट. मे महिन्यात पॉट भाड्याने आणायचा आणि घरातल्या पोरांनी पाळीपाळीने हँडल फिरवायचं, यात किमान दोन पिढ्यांचे दंड दुखले आहेत. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या खाली उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. सगळी करामत त्या मिठाची. घरोघरी फ्रीज आल्यावर हँडल सुटलं आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. न घुसळता गोठवलेल्या दुधात बर्फाचे काटे होतात. ते होऊ नयेत म्हणून पाणी धरून ठेवणारं आणि स्निग्धांश सारखा पसरवणारं काहीतरी लागतं. ते काम युरोप-अमेरिकेत बलक करतो. आपल्या आयांनी ते कॉर्नफ्लोअर आणि जीएमएस-सीएमसी नावाच्या दोन पांढऱ्या पावडरींवर सोपवलं. वाण्याकडे जीएमएस मागणाऱ्या किती जणींना त्याचं लांबलचक रासायनिक नाव ठाऊक होतं, देव जाणे. प्रमाण मात्र सगळ्यांना पाठ होतं.

तर अंड्याला पर्याय म्हणून पिठाचा माग काढत गेलं की आपण बर्मिंगहॅमला पोचतो. १८३७ साली तिथल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने अंड्याशिवाय कस्टर्ड करायची पावडर शोधली. कारण घरगुती होतं: बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि कस्टर्ड तर आवडत होतं. त्याने मक्याच्या पिठाला पिवळा रंग आणि वास देऊन तिचं पथ्य सांभाळलं. पाहुण्यांनाही ते आवडलं, आणि पथ्याचा धंदा झाला.

त्याच गावात, त्याच्या तेरा वर्षं आधी, जॉन कॅडबरीने चहा-कॉफीचं दुकान टाकलं होतं. हा क्वेकर पंथाचा. पंथाला दारू वर्ज्य, आणि कामगारांनी दारू सोडून दुसरं काही प्यावं ही कळकळ. म्हणून दुकानात प्यायचं चॉकलेट आणि कोको. म्हणजे सुरती कोकोचे दोन्ही आधार बर्मिंगहॅमचे, आणि दोन्ही पथ्यातून जन्मलेले: एकाला अंडं नको, दुसऱ्याला दारू. आता ही दोन पथ्यं एकत्र पाळणारा मुलूख जगाच्या नकाशावर शोधायचा झाला, तर बोट पडणार ते गुजरातवरच. बर्ड आणि कॅडबरी यांच्या डब्यांची गाठ पडायला याहून सोयीचं सासर कुठलं मिळणार होतं?

गंमत इथेच संपत नाही. कॅडबरीच्या सुरुवातीच्या कोकोत बियांचं तेल फार असे. ते शोषून घ्यायला बटाट्याचं पीठ, साबुदाणा असलं काहीबाही मिसळत. १८६६ मध्ये व्हॅन हौटनच्या डच यंत्राने तेल पिळून काढता येऊ लागल्यावर कंपनीने बिनभेसळीचा कोको आणला आणि शुद्धतेची जोरदार जाहिरात केली. कोकोतलं पीठ काढून टाकणं हीच तिची मोठी कामगिरी मानली गेली. सुरतेने ते पीठ मुकाट्याने परत घातलं. आणि बरोबर केलं! निव्वळ कोको दुधात गार केला की तळाशी बसतो. पीठ शिजून फुगलं की कोकोचे कण जागच्या जागी धरून ठेवतं. भेसळ कुणाच्या हातात पडते यावर ती भेसळ की पाककृती हे ठरतं.

हे दोन डबे भारतात सहज मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. कॅडबरीने १९४८ मध्ये इथे कंपनी थाटली आणि पुढे ठाण्यात कारखाना काढला. कस्टर्ड पावडर पुण्यातल्या वाइकफिल्डने घरोघरी पोचवली. लग्नाच्या पंगतीतलं फ्रूट सॅलड पिवळं झालं ते त्या काळात. पुण्याने मात्र कस्टर्डशी फार सलगी केली नाही. त्याची मस्तानी आटीव दूध आणि आइस्क्रीमवरच राहिली. दूध सुरतेत कमी नव्हतंच. १९५१ पासून सुमुलसारखी सहकारी डेअरी उशाशी. शहराला गारेगार बाटल्यांचीही सवय होती. स्वदेशीच्या दिवसांत, १९२३ साली, विलायती व्हिम्टोला उत्तर म्हणून सुरतेतच सोस्यो निघालं, आणि ते अजून टिकून आहे. कोकोला मात्र बाटली मानवली नाही. त्याला भांडं आणि पळी लागते, आणि पळीला चिकटून राहणारा दाटपणा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहायचा असतो.

आज हजीऱ्याला गारवा पुन्हा जहाजातून येतो. २००५ पासून इथे द्रवरूप नैसर्गिक वायूचा धक्का आहे. उणे १६२ अंशांवर द्रव करून आणलेला वायू उतरतो, ऊब घेऊन पुन्हा वायू होतो आणि नळातून निघून जातो. ट्यूडरने एवढी थंडी पाहिली असती तर बोस्टन विकून हजीऱ्याला राहायला आला असता. लारीवाल्याला तिचा काडीइतका उपयोग नाही. त्याचं भांडं आदल्या रात्रीच्या फ्रीजवर आणि लादीच्या फोडलेल्या बर्फावर चालतं.

जाणार असाल तर एवढं करा. लारीवाला वर व्हॅनिलाचा गोळा आणि चॉकलेटचा कीस टाकू का म्हणून विचारेल. आजकाल तीच तऱ्हा आहे आणि त्याचे तो जास्त पैसे घेतो. नको म्हणा. गोळा वितळला की कोको पातळ होतो, आणि पिठाने रात्रभर धरून ठेवलेला दाटपणा दोन मिनिटांत पाण्यात जातो. साधा मागा, चमचा मागू नका, आणि बर्फ ग्लासात नको, भांड्याबाहेरच राहू दे म्हणून सांगा.