डोळस तोतया

लग्नकार्यात कुणी "ओळखलंत ना?" विचारलं, की मी मुळीच न ओळखता "वा, म्हणजे काय!" म्हणतो. त्यामुळे तोतयांच्या गोष्टींत मला तोतयापेक्षा त्याला ओळखणारी माणसंच जवळची वाटतात.

आता हेच बघा. बायझंटाइन सम्राट सहाव्या कॉन्स्टंटाइनला ७९७ साली सख्ख्या आईनं, आयरीननं, आंधळं करवलं. पुढे ८२१ साली थॉमस नावाचा सेनानी "मीच तो कॉन्स्टंटाइन!" म्हणत उठला म्हणे. दोन्ही डोळे शाबूत! तरी अँटिऑकला त्याचा राज्याभिषेक झाला, राजधानीला वर्षभर वेढा पडला. ८२३ साली तो सापडला. हातपाय तोडून त्याला ठार केलं.

लोक काय आंधळे होते? छे! सिंहासनावरच्या मायकलनं तरी ते ८२० साली आधीच्या सम्राटाच्या खुनातूनच मिळवलेलं. गादीवरचा नकोसा झाला, की दारातला ओळखीचा वाटू लागतो.