शंकेकरिता उघडे दार
कोकणच्या ख्रिस्ती इतिहासातील एक धडा



महोत्सवाच्या अंकात जुन्या धर्मगुरूंची नावे, देवळाच्या बांधणीचा वृत्तांत आणि दात्यांची यादी यावी हा रिवाज योग्यच आहे, आणि ते सर्व या पुस्तिकेत इतरत्र आलेच आहे. मजकडे इतिहासाचा लेख सोपविला, तेव्हा मी थोडा निराळा विषय निवडला. देवळाच्या भिंती उभ्या राहतात चिऱ्यांनी व चुन्याने. देवळातील मंडळी उभी राहते श्रद्धेवर. त्या श्रद्धेला आपल्या या कोकणपट्टीत कोणत्या शंकांतून जावे लागले, आणि ती कशी टिकली, हे थोडक्यात सांगण्याचे मी योजिले आहे.

या विषयाकडे वळण्यास एक खाजगी कारण आहे. ते सांगताना मला संकोच वाटतो; तरीही सांगणे भाग आहे. दीक्षा होऊन मला फार दिवस झाले नव्हते. समुद्रकाठच्या एका लहानशा मंडळीत माझी नेमणूक होती. एका पावसाळ्याच्या तोंडाशी तेथील एका घरचा थोरला मुलगा होडीसह बुडाला. महिन्याची मिस्सा झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला व म्हणाला, "फादर, पाण्यावरून चालत गेलेला प्रभू त्या रात्री कुठे होता?" सेमिनरीत शिकलेले पुष्कळसे माझ्या डोक्यात होते, परंतु त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. मी त्याला म्हणालो, "असले प्रश्न मनात आणणे पाप आहे. शनिवारी पापनिवेदनाला ये." तो शनिवारी आला नाही, त्यानंतर कधीच आला नाही. त्याची श्रद्धा समुद्राने नेली असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत होतो. आज मला वाटते की, त्याच्या श्रद्धेला माझ्या दाराशीच ठोकर बसली.

संत तोमासाची कथा आपण दर वर्षी पास्काच्या पुढच्या रविवारी ऐकतो. प्रभूच्या जखमांना हात लावल्यावाचून मी मानणार नाही, असे त्याने सोबत्यांना स्पष्ट सांगितले. या एका बोलण्यावरून लोक त्याला शंकेखोर म्हणतात. परंतु पुढच्या आठ दिवसांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते आठही दिवस तोमास इतर प्रेषितांबरोबर राहिला. त्याला पटले नव्हते, तरी तो मंडळी सोडून गेला नाही. आणि त्यांना पटले होते, तरी त्यांनी त्याला बाहेर काढले नाही. म्हणूनच प्रभू पुन्हा आला तेव्हा तोमास तेथे सापडला. त्या घरात शंकेला राहावयास जागा होती. आपल्या कोकणच्या इतिहासात अशी जागा कोणी ठेविली, आणि ती नसल्यास काय होते, हे आता पाहू.

गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी प्रांतात ख्रिस्ती धर्माचा प्रवेश झाला तो केवळ उपदेशाने झाला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. 1567 साली तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडविली. 1583 सालच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती यांचा वध झाला, आणि त्यानंतर त्या गावच्या प्रमुखांना सत्ताधाऱ्यांनी ठार केले. अशा काळात ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या मनात शंका नसत्या तरच नवल. बापजाद्यांची कथाकीर्तने बंद झाली, पोथ्या गेल्या. नव्या धर्माची प्रार्थना तोंडपाठ झाली, पण ती हृदयात उतरावयाची कशी?

याच प्रांतात एक इंग्रज धर्मगुरू काम करीत होते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. 1549 साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. त्या काळी त्यांच्या स्वदेशी राजसत्तेने काथलिक मिस्सेला बंदी केली होती, आणि त्यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड आपल्या काथलिक श्रद्धेपायी वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडला. स्टीफन्स रोमला जाऊन 1575 साली येशूसंघात दाखल झाले व 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास पोहोचले. कुंकळ्ळीच्या हुतात्म्यांची शवे मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी ते स्वतः होते. राजाच्या हुकुमाने मनुष्याचे तोंड बंद होते, मन बदलत नाही, हे एका देशात सोसून व दुसऱ्या देशात पाहून त्यांना कळले असावे, असे मला वाटते.

त्यांचा ख्रिस्तपुराण हा ग्रंथ 1616 साली साष्टीतील राशोल येथे छापला गेला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ आहे. पहिल्या पुराणात छत्तीस अध्याय असून त्यात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार येतो. दुसऱ्यात एकोणसाठ अध्याय असून त्यात प्रभूचे चरित्र येते. स्टीफन्स अध्यायाला 'अवस्वरू' म्हणतात. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हे पुराण लिहिण्याचे निमित्त काय झाले, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. ते निमित्त ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे, आणि माझ्या मते साऱ्या ग्रंथाचे मर्म तेथे आहे.

साष्टीच्या एका देवळात रविवारी मुलांची धर्मशिकवण चालली आहे. तेथे बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण उठून पाद्रीगुरूंना म्हणतो की, ही शिकवण चांगली आहे; पण आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का करून देत नाही? या प्रश्नात गाऱ्हाणे आहे आणि शंकाही आहे. नव्या धर्मात आमच्या मनाला रमावयास जागा आहे काय, असे तो मनुष्य विचारतो. पाद्रीगुरूंनी त्याला दटावले नाही. त्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या!

पुढे ग्रंथभर हीच रीत दिसते. कथा चालू असता श्रोत्यांपैकी कोणी उठतो, अडलेली गोष्ट विचारतो. गुरू थांबतो, उत्तर देतो, मग कथा पुढे जाते. आपल्याकडील पुराणिकाच्या बैठकीत हेच होते. स्टीफन्सनी ही बैठक ख्रिस्ताच्या देवळात आणिली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास ते कचरले नाहीत. त्यांची कोकणी भाषेतील धर्मशिकवण त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली राशोलासच छापली गेली. तीही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने आहे. विचारणारा तेथे गुन्हेगार नाही. तो नसेल तर गुरूला बोलावयास कारणच उरणार नाही.

1619 साली स्टीफन्स निवर्तले. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या 1649 व 1654 साली निघाल्या. त्यानंतर दिवस पालटले. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा टाकावी व तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे ठरविले. ज्या भाषेत मनुष्य शंका विचारतो, त्याच भाषेला बंदी झाली. तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? तर सामान्य श्रद्धावंतांनी तो हाताने उतरून ठेविला म्हणून. एका पिढीने नकलून दुसरीच्या हाती द्यावा, असे चालत राहिले. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला, आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी लिपीत प्रसिद्ध केला.

मंगळूरचे नाव आले, त्याचे कारण असे. गोव्यातील धर्मन्यायालयाचा जाच, कर, दुष्काळ, साथी व लढाया यांना कंटाळून पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनी गाव सोडले. काही दक्षिणेस कानडा प्रांतात गेली. काही उत्तरेस सावंतवाडी, वेंगुर्ले व आपल्या रत्नागिरीच्या बाजूस आली. या देवळात बसणाऱ्या कित्येक घराण्यांचे मूळ अशाच एखाद्या गाठोडे बांधून निघालेल्या पूर्वजात आहे. दक्षिणेस गेलेल्यांनी पुराणाच्या पोथ्या बरोबर नेल्या, आणि तेथे त्यांच्यावर मोठा प्रसंग गुदरला. 1784 साली, राखेच्या बुधवारी, टिपू सुलतानाने त्यांना धरण्यास आरंभ केला. हजारो लोकांना श्रीरंगपट्टणास चालवीत नेले; पुष्कळ वाटेतच मेले. धर्मगुरूंना आधीच हद्दपार केले होते. 1799 साली टिपूचा अंत होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, हे लोक मिस्सेवाचून, देवळावाचून व पाद्रीवाचून राहिले. देव आपल्याला विसरला काय, ही शंका त्या छावणीत किती जणांना आली असेल! त्या काळी ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्यांना धीर दिला असे परंपरा सांगते. सुटका झाल्यावर जे परतले, त्यांनी देवळे पुन्हा बांधली.

यात विचार करण्याजोगी गोष्ट ही की, छावणीत कोणी विद्वान उत्तर देणारा नव्हता. तेथे त्यांच्याजवळ होते ते एवढेच: तोंडपाठ कथा, आपल्या भाषेतील प्रार्थना आणि शेजारी बसलेला दुसरा ख्रिस्ती मनुष्य. काही शंकांचे समाधान तर्काने होते. काही शंका सोबतीनेच सोसाव्या लागतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. करजगाव हे रत्नागिरी जिल्ह्यातील गाव. तेथे 1861 साली एका चित्पावन ब्राह्मणाच्या घरी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. ते आपल्या काथलिक मंडळीतील नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे होते. तथापि त्यांची भजने मराठी बोलणाऱ्या सर्व ख्रिस्ती लोकांनी आपली मानिली आहेत, तेव्हा त्यांच्या चरित्रापासून शिकण्यास आपणास कमीपणा नाही. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळक तो वाचू लागले. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले, आणि पुष्कळ वाचन, प्रश्न व तळमळ यांनंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कथा मला अधिक बोधप्रद वाटते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काही काळ माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नगरला पतीकडे आल्या, तरी आपले सोवळेओवळे व स्वयंपाक निराळा ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आपला वेळ घेतला. उच्चनीच जाती देवाने केल्या की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला. त्याचे उत्तर मिळताच त्यांची भीती गेली, आणि 1900 साली त्यांनी आपखुषीने बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांनी प्रभूच्या चरित्रावरील ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभिले. 1919 साली ते वारले तेव्हा ते अपुरे होते. ते पुढे चालविले लक्ष्मीबाईंनीच. ज्या बाईने एके काळी ख्रिस्ती घरातील पाणी वर्ज्य मानिले, तिने ख्रिस्ताचे चरित्र मराठीत गाइले! पाच वर्षांपूर्वीच तिच्यावर घाई केली असती, तर बाप्तिस्मा कदाचित झाला असता. हे गाणे झाले असते काय, याची मला शंका आहे.

वाचकहो, शंका ही स्वतःच पुण्य आहे असे मी म्हणत नाही. शंकेचे कौतुक करीत बसणारा, उत्तर शोधण्याचे कष्ट न घेणारा मनुष्य स्वतःलाच फसवितो. साष्टीचा तो ब्राह्मण देवळात येऊन विचारता झाला. श्रीरंगपट्टणचे कैदी अंधारातही प्रार्थना म्हणत राहिले. लक्ष्मीबाईंनी प्रश्न तडीस नेला. यांपैकी कोणीही शंका उशाशी घेऊन निजले नाही. म्हणून ज्याच्या मनात शंका असेल त्याने तीन गोष्टी कराव्या. ती विश्वासाच्या माणसाजवळ उघड बोलावी. तिचे उत्तर मिळेपर्यंत प्रार्थना व पवित्र मिस्सा सोडू नये. आजारी मुलाच्या बापाने प्रभूपाशी आपली श्रद्धा आणि आपली अश्रद्धा एकाच दमात मांडिली होती, व प्रभूने त्याला परत लावले नाही. आणि शेजाऱ्याची सेवा करीत राहावे, कारण दुसऱ्याच्या जखमांना हात लाविल्यावाचून तोमासालाही प्रभू ओळखता आला नाही.

परंतु अर्धे कर्तव्य शंका असणाऱ्याचे आहे, तर अर्धे आम्हा ऐकणाऱ्यांचे. आईबापांनी मुलाच्या प्रश्नाला चापट हे उत्तर देऊ नये. शिक्षकाने ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. आणि धर्मगुरूने आपले दार लोटू नये.

तो दारात उभा राहिलेला तरुण आता माझ्याप्रमाणेच उतारवयाचा झाला असेल. तो आज आला, तर त्याचा भाऊ का बुडाला हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला आत बोलावीन, बसावयास सांगेन, आणि त्या रात्रीची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेईन. मग आम्ही दोघे त्याच्या भावासाठी प्रार्थना करू. प्रभू त्या रात्री कुठे होता, हे मी तेव्हा त्याला त्याच्या शेजारी बसून दाखवावयास हवे होते.

महोत्सवाच्या या वर्षी देवळाला नवा रंग लागला, घंटा दुरुस्त झाली, हे सर्व देवाच्या कृपेने व आपल्या उदारपणाने झाले. आता एक मागणे राहिले. आपल्या घरात, आपल्या आळीत कोणी मिस्सेला येईनासा झाला असेल, तर तो का येत नाही असे त्याला एकदा विचारा, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मधे बोलू नका. पवित्र मरीया आपणा सर्वांसाठी विनंती करो.

आपला प्रभूच्या ठायी सेवक,
धर्मगुरू, रत्नागिरी