फवारलेल्या फोमच्या छपरांवरील संरक्षक लेप

फवारलेल्या फोमच्या छपरांवरील संरक्षक लेप : पॉलियुरेथेन फोम फवारून केलेल्या छपराचे उन्हापासून रक्षण करण्यासाठी वरून दिलेले लवचीक आवरण. आयसोसायनेट आणि पॉलिऑल हे दोन द्रव तापवून फवारणीच्या पिस्तुलात सम प्रमाणात मिसळतात. मिश्रण छपरावर पडताच वीस-तीस पट फुगते आणि पाहता पाहता घट्ट होते. छपरासाठीच्या फोमची घनता साधारण 40 ते 48 किग्रॅ. प्रति घनमीटर असते. त्याच्या बहुतेक पेशी बंद असल्याने पाणी फोमच अडवतो. त्याला सोसत नाही ते ऊन. उघडा राहिलेला फिकट पिवळा फोम अतिनील किरणांनी तांबूस-तपकिरी होतो, बोट फिरवले की भुकटी हाताला लागते आणि पुढे थर झिजत जातो. त्यामुळे ‘गळती थांबवणारा’ एवढ्याच गुणावर लेप निवडणे म्हणजे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे होय.

निवडीत आधी पाहायचे ते पाणी कुठे तुंबते. पाऊस थांबल्यावर 48 तासांनीही पाणी हटत नसेल, तर ते छप्पर तुंबणारे समजतात. अ‍ॅक्रिलिक लेप पाण्यात मिसळलेला, स्वस्त, पांढरा व ऊन परतवणारा असतो. पण साचलेल्या पाण्याखाली तो मऊ पडतो, फुगतो आणि सुटतो. सुकण्याआधी सर किंवा दव पडले तर केलेले काम धुऊन जाते. विदर्भातल्या उतरत्या, कोरड्या छपराला तो चालेल. मुंबई-कोकणातल्या सपाट गच्चीवर त्याची शिफारस करणे धाडसाचे ठरेल.

सिलिकोन हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, साचलेल्या पाण्याला आणि उन्हाला दाद देत नाही. मात्र त्यावर धूळ चिकटते व शुभ्रपणा ओसरतो, ओला झाल्यावर पाय घसरतो, आणि टोकदार वस्तूने तो सहज फाटतो. शिवाय सिलिकोनवर दुसऱ्या जातीचा लेप सहसा धरत नाही, म्हणून तो निवडणारा पुढच्या खेपेचाही निर्णय आजच करून टाकतो.

वर्दळ, गारा, पक्ष्यांच्या चोची यांपुढे पॉलियुरेथेन लेप टिकाऊ. खाली अ‍ॅरोमॅटिक आणि वर अ‍ॅलिफॅटिक अशी त्याची जोडी असते; पहिला स्वस्त पण उन्हाने पिवळा पडणारा, दुसरा महाग पण रंग टिकवणारा. यंत्रांकडे जाणाऱ्या वाटांवर ओल्या लेपात खनिज खडी पेरतात.

शीतगृहाचा हिशोब वेगळा. तिथे बाष्प बाहेरच्या उष्ण हवेतून आतल्या थंडाव्याकडे ओढले जाते आणि फोममध्ये शिरून साकळते. अ‍ॅक्रिलिक व सिलिकोन बाष्प बऱ्यापैकी जाऊ देतात. म्हणून अशा छपराला ब्यूटिलसारखा बाष्परोधक लेप लागतो.

चांगला लेपही वाईट पृष्ठभागावर वाया जातो. संत्र्याच्या सालीइतका खडबडीतपणा चालतो. लाह्यांसारखा उठलेला किंवा झाडाच्या सालीसारखा भेगाळ फोम चालत नाही, कारण उंचवट्यांवर लेप पातळ राहतो आणि खाचांत साचतो. सुकलेली जाडी सामान्यतः 0.5 ते 0.75 मिमी. धरतात. दोन हात वेगवेगळ्या रंगांचे दिले तर सुटलेली जागा लगेच दिसते. फोम फवारल्यावर पहिला हात शक्य तो एक ते तीन दिवसांत द्यावा; उशीर झाल्यास पृष्ठभाग साफ करून प्राइमर द्यावा लागतो.

या पद्धतीचे एक नामांकित उदाहरण अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोमचे. 2005 च्या कट्रीना चक्रीवादळाने त्याच्या घुमटावरील रबरी आवरण जागोजागी उडवले. 2006 च्या दुरुस्तीत घुमटावर फोम फवारून वर लेप दिला गेला.

लेप झिजून फोम उघडा पडण्याआधीच, साधारण दहा-पंधरा वर्षांनी, छप्पर धुऊन नवा हात देतात. आधी छोट्या जागेवर चिकटण्याची चाचणी घेतात. चोचीची भोके किंवा हत्यार पडून झालेले काप त्याच जातीच्या सीलंटने भरले तरी चालते, कारण बंद पेशींमुळे पाणी फोममध्ये फारसे आडवे पसरत नाही.